दाढेतली लवंग

अव्वा,

यंदा श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची घागर मावशीच्या डोक्यावर यायची होती. ती आली नाही. मीच येऊ दिली नाही, आणि त्यासाठी तुझं नाव वापरलं, तुला न विचारता. घरात हे कोणालाच माहीत नाही. आप्पांना सांगितलं तर ते दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगतील, मावशीला सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं. माझ्या पुस्तकावरून हात फिरवून तू म्हणायचीस, "एवढ्या मुंग्यांत तुला वाट कशी घावती गं?" तेव्हा याही मुंग्याच समज.

तुझ्या माहेरची रीत तुला काय सांगायची, पण ती एकदा लिहून काढल्याशिवाय मलाच पुढचं नीट सांगता येणार नाही. मैंदर्गीच्या शिवारात माळावर महादेव आहे आणि माळाच्या पायथ्याशी दगडी विहीर. शेवटच्या सोमवारी तुमच्या घराण्यातल्या बाईनं, लेक असो की सून, त्या विहिरीचं पाणी तांब्याच्या घागरीतून अनवाणी वर न्यायचं, वाटेत घागर खाली टेकवायची नाही, आणि ते पिंडीवर ओतायचं. बाई पाळी कायमची थांबलेली हवी, एवढीच अट. नवरा आहे की गेला, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. पाळी थांबली की तुमच्याकडच्या बायका म्हणतात, अंग मोकळं झालं, आणि मोकळ्या अंगाला कसलंच ओझं जड नसतं असं धरून चालतात. खळ्यावरची पोती, भावकीतली आजारपणं, लग्नातल्या पंगतींचा स्वयंपाक असं सगळं हळूहळू त्या बाईकडं सरकत जातं. त्यातलीच एक ही घागर, फक्त तिला मान म्हणतात. तुला तो मान मिळाला मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली.

मी तेव्हा सतरा वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. चढावर मी तुझ्या मागं चालते आहे. तुझ्या चपला माझ्या हातात आहेत, कारण अनवाणी जाणाऱ्या बाईच्या चपला तिच्या लेकीनं वर न्यायच्या असतात, उतरताना घालायला. तू सकाळपासून दाढ दुखते म्हणत होतीस आणि दाढेत लवंग धरून बसली होतीस. वळणावर तू थांबलीस. दोन्ही हात घागरीला, मान ताठ, डोळे मिटलेले. मला वाटलं तू जप करते आहेस. मामी मागून म्हणाल्या, "चला वन्सं, आलंच की." तू चाललीस. वर गेलीस, पाणी ओतलंस, उंबऱ्याशी बसलीस आणि "साकु" म्हणालीस. पुरे. जेवताना कोणी आणखी वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरून म्हणायचीस, अगदी तसंच. मग खांबाला टेकलीस. मी तुझ्या पायाशी चपला जोडून ठेवल्या आणि तू पाय पुढं करण्याची वाट बघत उभी राहिले. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तुझ्या तोंडाला लवंगेचा वास होता.

गावानं तुझा केवढा सोहळा केला ते तू पाहिलं नाहीस. बैलगाडीवर बेलाची पानं अंथरली होती. म्हातारी माणसं रांगेनं तुझ्या पायावर डोकं ठेवत होती. "पानी घातलं आन पायरीवर गेली. असं मरान मागून मिळत न्हाय." मला रडू येत होतं आणि त्या रडण्यात, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही होता.

तेराव्यानंतर मावशी आपल्याकडं सोलापूरला आली ती कायमचीच. लहान वयात नवरा गेल्यावर भावांच्या घरात ती एका कोपऱ्यात वाढली होती. लग्नात तिनं मांडवाच्या कडेला बसायचं, ओटी भरताना आत जायचं, हळदीकुंकवाला तर बोलावणंच नाही. तुझ्या मागं तिनं आप्पांचा आणि माझा स्वयंपाक हाती घेतला आणि तुझी गोष्टही हाती घेतली. आठ वर्षं झाली, घरी कोणी पहिल्यांदा आलं की चहाबरोबर ती सांगते. माझी अक्का देवाच्या पायरीवर गेली. सांगताना तिचा चेहरा उजळतो. तेवढ्यापुरती ती कोणाची विधवा नसते, तुझी बहीण असते.

आता माझं सांगते. मी बी.एस्सी. झाले. निकाल लागला तेव्हा आप्पांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवली. पोरगी काय शिकली असं कोणी विचारलं की ते "सायन्स" एवढंच म्हणतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत तराजू उचलतात. इथल्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळाली. मुलांच्या प्रयोगांची मांडामांड करायची, द्रावणं बनवायची. तिथल्या मॅडमनी मला नुसती मांडामांड करू दिली नाही. "डोळे आहेत तर बघ, आणि बघितलंस तर विचार," असं त्या म्हणतात.

तू मला संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली ती पेटी आठवते का, बेडूक कापायच्या हत्यारांची? जत्रेला म्हणून गेलीस आणि जत्रा सोडून वह्या-पुस्तकांच्या दुकानात शिरलीस. आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आप्पा हा विषयच बंद करतील म्हणून तू ती पेटी ज्वारीच्या कणगीत खुपसून ठेवलीस आणि कॉलेजचा दिवस आला की हात कोपरापर्यंत ज्वारीत घालून काढून द्यायचीस. "बेडकाचं काळीज दिसतंय व्हय ह्यानं?" तू विचारलंस. मी म्हणाले, दिसतं, काढून ठेवलं तरी थोडा वेळ उडत राहतं. मग पाट पुढं ओढून माझ्याकडं पाठ करून बसलीस आणि म्हणालीस, "माझं बग की. हितं पाठीत दुकतंय चढलं की." मी हसत कान लावला. आत धडधड चालली होती. "मस्त चाललंय," मी म्हणाले. त्या पाठीला चुलीचा आणि घामाचा वास होता. काय ऐकायचं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कान मात्र बरोबर जागी लागला होता.

तो सगळा हिवाळा तुला उकडत होतं. कडक भाकरी थापताना तुझ्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढायची, तू पीठ लागलेल्या हातानं मागचं दार ढकलायचीस आणि मोरीशी उभी राहून मानेवर पाणी मारायचीस. "अंगातनं वाफ निघतीया." शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणायच्या, "वयाचं हाय ओ. माझं तर दोन वरसं चाललं." झोप येत नाही, वयाचं. जिना चढताना दम लागतो, वयाचं. जबडा दुखतो, दाढ. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं लाल औषधाची बाटली दिली, तीही वयाचीच होती. सगळी दुखणी एकाच खुंटीला टांगलेली, आणि त्या खुंटीवरून खाली काढून एकेक वेगळं कोणी बघितलं नाही.

ते वेगळं कसं करायचं, हे मॅडमनी मला दाखवलं. आधी त्यांनी माझ्यासमोर चित्रं ठेवली. बाईच्या गर्भाशयाकडं जाणारी रक्ताची नळी एरवी बारीक आणि वेटोळी असते. दिवस गेले की ती रुंद होत जाते, इतकी की आधीची नळी ती हीच यावर विश्वास बसू नये, आणि बाळंतपणानंतर पुन्हा आवरून घेते. गरज ओळखून वाट रुंद करायची आणि गरज संपली की आवरायची, ही हुशारी बाईच्या रक्तवाहिन्यांत असते, आणि ती टिकवण्यात बीजकोशातून येणाऱ्या इस्ट्रोजेन नावाच्या रसाचा मोठा वाटा दिसतो. मी त्या चित्राकडं बघत राहिले. मी उशिरा झालेलं मूल. तुझ्या अंगानं माझ्यासाठी एवढा रस्ता रुंद केला होता, आणि मी तुझ्या पाठीला कान लावून हसले होते.

मग मॅडम म्हणाल्या, पाळी थांबते म्हणजे तो रस आटतो. त्याच सुमाराला वयही आपलं काम करत असतं. नळीच्या भिंतीतला लवचीकपणा जातो, चिवट धागे वाढतात, कुठं चुना बसतो. मग बाई चढ चढते, हृदय जास्त रक्त मागतं, आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या नळीला हवी तेवढी रुंद होताच येत नाही. "यातलं वयाचं किती आणि रस आटल्याचं किती, हे अजून नीट कोणी वेगळं केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आपली पुस्तकं छातीत कळ आलेल्या पुरुषावरून लिहिली आहेत. बाई पाठ सांगते, जबडा सांगते, नुसता थकवा सांगते, आणि आपण तिला वय सांगतो." मी विचारलं, मग तो रस बाहेरून दिला तर? "परदेशात देतात," त्या म्हणाल्या, "पण बाहेरून दिलं की सगळं पहिल्यासारखं होतं, असं मी तुला सांगणार नाही. मला माहीत नाही."

एकदा त्यांनी मला खाटकाच्या बाजारातून शेळीच्या मोठ्या रक्तवाहिनीचे तुकडे आणायला पाठवलं, एक तरण्या शेळीचा आणि एक म्हातारीचा. आपल्या गल्लीतून तो डबा पिशवीत घालून नेताना मी मान वर केली नाही. तुकड्यांच्या चकत्या कापून आम्ही आकड्याला अडकवल्या आणि खाली वजनं लावली. तरणी चकती ताणली जायची आणि वजन काढलं की परत यायची. म्हातारी थोडीशी हलून तिथंच अडायची. मला एकदम सगळं समजल्यासारखं झालं. मॅडमनी मला लगेच जमिनीवर आणलं. "शेळीची पाळी बाईसारखी थांबत नाही. हे फक्त वयाचं झालं. दुसरं अर्धं ही शेळी तुला सांगणार नाही." तरी त्या दिवसापासून तुझं मरण माझ्या मनात पायरीवरून हललं. वळणावर तू जप करत नव्हतीस, अव्वा. तुझं हृदय रक्त मागत होतं आणि ते येत नव्हतं.

हे मी मावशीला सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही. काय गरज होती? तू गेलीस, गोष्ट तिची, तिला तिचा आनंद. मी माझं शहाणपण बाहेर वाटत होते. रविवारी मॅडमबरोबर आम्ही दोघी-तिघी वळसंगला, कुंभारीला जातो, बायकांना गोळा करून शरीराबद्दल सांगतो. मला ते काम फार आवडतं. कुंभारीच्या कामगार वस्तीत एक सासूबाई गरोदर सुनेला लोहाच्या गोळ्या घेऊ देत नव्हत्या. का, तर त्यांच्या मेलेल्या सासूनं स्वप्नात येऊन सांगितलं, काळी गोळी पोरीला देऊ नको. मी सगळ्या बायकांसमोर त्यांना झापलं. म्हणाले, आजी, स्वप्न म्हणजे झोपेत मेंदूची चाललेली उलथापालथ. मेलेलं माणूस येत नाही, सांगत नाही, आणि तुमच्या सासूला लोह म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बायका हसल्या. आजीबाई पदर सावरत म्हणाल्या, "तुजी कोन येत नसंल, म्हून तुला तसं वाटतंय." मी ते हसण्यावारी नेलं. सून गोळ्या घेऊ लागली आणि मी फार खुशीत घरी आले.

या वर्षी मावशीची पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि मैंदर्गीहून मामांचा निरोप आला की यंदा घागर तिची. अव्वा, ती दोन दिवस जमिनीवर चालत नव्हती. तुझी घागर कोनाड्यातून काढून चिंचेनं घासली. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली. "माज्या डोक्यावर कुनी अक्षता टाकल्या न्हाईत परत," ती म्हणाली, "पन घागर ठिवत्यात बगा." आषाढातली गोष्ट. त्या दुपारी मी कॉलेजातून आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. लवंगेचा वास येत होता. मसाल्याचा नव्हे, तोंडातल्या लवंगेचा.

"दाढ ठणकतीया," मावशी म्हणाली, जबडा हातात धरून.

"कधी ठणकते?"

"आता काय येळ बगून ठणकती व्हय? माळ्यावर चढले शेंगांचं पोतं बगाया, तवा लागली. बसलं की जाती."

"पाणी भरताना?"

"तवाबी. का गं?"

जेवताना दुखत नव्हती. भाकरीचा कडक तुकडा फोडताना दुखत नव्हती. चढली की दुखायची, बसली की थांबायची. मी तिथं दारात उभी, हातात छत्री, आणि मला सगळं दिसत होतं, माळ, विहीर, वळण.

मी तिला खरंच सांगायला बसले. हे तू लक्षात घे, अव्वा, की मी आधी खरंच सांगायला बसले. शेळ्यांचं टाळलं, नाहीतर तिनं मला अंघोळीला पाठवलं असतं. मोटेचं सांगितलं. म्हटलं, मावशी, मोटेची चामड्याची सोंड असते, तिला तेल लावत राहिलं तर ती मऊ राहते, पाणी कितीही येवो, सोंड फुगते आणि वाट देते. तेल थांबलं आणि ऊन लागत राहिलं की ती वाळून कडक होते. मग पाणी मागं साचतं. बाईच्या अंगात असंच एक तेल असतं आणि पाळी थांबली की ते थांबतं. तुझी दाढ दुखत नाही, तुझं हृदय दुखतं आहे, ते फक्त दाढेतून बोलतं आहे. तिला मोट पटली. आजोबांच्या मळ्यावर तिनंच सोंडेला करंजीचं तेल चोळलेलं. ती मान हलवत होती. मग मान थांबली.

"अक्काचीबी दाढ दुकत हुती."

"हो."

"म्हंजे अक्का रोगानं गेली म्हन की." ती माझ्याकडं बघत नव्हती, परातीकडं बघत होती. "म्हंजे घागरीनं तिला मारलं. देवानं बोलावलं न्हाय."

मी काय बोलायला हवं होतं, ते मला ठाऊक होतं. हो म्हणायचं होतं. कुंभारीत मी ते एका दमात म्हटलं असतं. पण आठ वर्षं ही बाई ज्या एका गोष्टीवर उभी होती ती मी तिच्या पायाखालून काढत होते, आणि वर तिच्या जन्मातला एकुलता एक मानही. मी म्हणाले, "नाही गं मावशी. अक्काचं वेगळं." ती लगेच सावरली. "तरीच. मग माजंबी वेगळंच की. दाढच हाय ती." आणि तिनं नवी लवंग तोंडात टाकली.

मॅडमकडं ती येईना. मामांना मी पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं, बायकांच्या रिवाजात मी काय बोलू. आप्पा म्हणाले, तिचं मन मोडू नको. श्रावण लागला. पहिला सोमवार गेला. मी रोज तिला माळ्यावर चढू न द्यायला धडपडत होते आणि ती रोज मला चुकवून चढत होती, सवय व्हावी म्हणून, डोक्यावर रिकामी घागर घेऊन. एका सकाळी चूल पेटवताना ती जबडा धरून खाली बसली, आणि माझ्या तोंडून निघालं, "काल अव्वा स्वप्नात आली होती."

फुंकणी तिच्या हातातून पडली.

"अक्का? तुज्या सपनात? काय म्हनली?"

"म्हणाली, धाकटीनं घागर उचलू नये. पाणी तिनंच घालावं, पिंडीपाशी बसून, पण घागर गड्यानं वर आणावी. आणि तिला दाढेसाठी तुझ्या मॅडमकडं ने, म्हणाली."

बघ, किती बारीकसारीक. मी असं काही ठरवलं नव्हतं. एकदा तोंड उघडल्यावर सगळं आपोआप जुळत गेलं. मान तिचा राहील, ओझं जाईल, तपासणी होईल. मला वाटलं संपलं. पण मावशी माझ्या जवळ सरकली, माझे हात धरले.

"कशी दिसत हुती? बरी हुती का?"

"बरी होती."

"दम लागत नव्हता?"

"नाही."

"काय नेसली हुती?"

मी म्हणाले, "हिरवं."

"हिरवं?" तिच्या कपाळाला आठी पडली. "अक्का तर हिरव्याला हात लावत नव्हती. म्हनायची, हिरव्यात मी पोपट दिसते." मग ती स्वतःशीच हसली. "तिकडं कुनीतरी नेसवलं असंल. हितं कुनाचं ऐकायची न्हाय, तितं ऐकती बग." आणि रडायला लागली. "माज्या सपनात येत न्हाय गं ती. एवढी वरसं वाट बगतीया. तुज्या येती. तू लेक हायस, तुजा हक्कच हाय."

मी तिला जवळ घेतलं. कुंभारीच्या आजीबाई मला त्या वेळी आठवल्या, हे सांगायला नको.

त्याच आठवड्यात ती माझ्याबरोबर कॉलेजच्या दवाखान्यात आली, नवं लुगडं नेसून, बहिणीच्या हुकमावरून. मॅडमनी यंत्रावर हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. पट्टीत थोडं दिसलं, पण पट्टीपेक्षा त्यांनी तिच्या दाढेवर जास्त विश्वास ठेवला. जिभेखाली ठेवायच्या बारीक गोळ्या दिल्या, दुखलं की एक. जे नळीनं स्वतःहून करायचं, ते ती गोळी तिच्याकडून थोडा वेळ करून घेते. मावशी जिना चढून आली, जबडा धरला, गोळी ठेवली, आणि थोड्या वेळानं तिनं आश्चर्यानं हात खाली घेतला. "लवंगेपरीस लई गुनाची हाय की." मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, ही तयार कशी झाली? मी म्हणाले, समजावून सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. त्यांच्याशीही खोटं बोलले, हे त्यात आणखी एक.

शेवटच्या सोमवारी आम्ही मैंदर्गीला होतो. अक्का सपनात आली हे मावशीनं सगळ्या गावाला सांगितलं होतं आणि कोणीही शंका घेतली नाही. मामी म्हणाल्या, "वन्सं पयल्यापासनंच सगळ्यांचं बगायच्या." पुजाऱ्यानं तर तेव्हाच ठरवून टाकलं की इथून पुढं घागर गडी आणील आणि बाई पाणी घालील, पायरीवर गेलेल्या बाईचाच शब्द आहे. अव्वा, ती रीत आता तशीच चालेल. मी म्हातारी झाले आणि माझी पाळी थांबली तरी मैंदर्गीच्या बायका तुझं न झालेलं बोलणं पाळत असतील. बरंच झालं असं मी स्वतःला सांगते. पण ज्या तोंडानं मी वळसंगला, कुंभारीला जाऊन बोलते, त्या तोंडाकडं आता आरशात बघवत नाही. गेल्या दोन रविवारी डोकं दुखतं म्हणून मी गेलेच नाही.

मावशी चढ हळूहळू चढली, रिकाम्या हातानं. वळणावर तिला मी थांबवलं, तिनं गोळी ठेवली, आम्ही उभ्या राहिलो, मग निघालो. तिच्या चपला माझ्या हातात होत्या. तिनं पाणी घातलं, इतकं सावकाश की धार मोडू नये, आणि मामींनी, सगळ्या बायकांसमोर, तिच्या पायाला हात लावला. मग ती उंबऱ्याशी बसली. खांबाला टेकली. मी तिच्या पायाशी चपला जोडून ठेवल्या आणि उभी राहिले. माझ्या कानात नुसतं रक्त वाजत होतं. तिनं पाय पुढं केले, एक चप्पल घातली, दुसरी घातली, आणि म्हणाली, "असं काय बगतीयास? चल की, भूक लागली."

आता ती रोज सकाळी मला विचारते, "आली हुती का?" मी नाही म्हणते. ती चहाचा कप पुढं सारून माझीच समजूत घालते, "यील की. तिला लई कामं असत्यात." हा कागद मी फाडणार आहे, चुलीत टाकणार आहे, कारण मावशीला वाचता येत नसलं तरी आप्पांना येतं. त्याआधी एवढंच. तू याच्या आधीही माझ्या स्वप्नात कधी आली नाहीस, अव्वा. त्या दिवशी साऱ्या चढावर मी तुझ्या मागून चालत होते, तुझी पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी आता मला आठवतात त्या फक्त चपला, उजव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. हिरवं लुगडं मी म्हणाले, ते त्या चढावर तू खरं कोणतं नेसली होतीस ते मला आठवलं नाही म्हणून.